रविवारचा शिक्का

माझा उजवा हात पत्रपेटीत अडकला होता. पंजा आत, मनगट पत्र्याच्या झडपेखाली आणि बांगड्या बाहेर. सकाळचे साडेआठ झाले असतील. खानदेशातलं जूनचं ऊन साडेआठलाच चटके देतं आणि भिंतीतली ती लाल लोखंडी पेटी तर तव्यासारखी तापली होती. मी टाचा उंचावून, मान वाकडी करून बोटांनी आत चाचपत होते, तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला.

"शरू, पेटीत पत्र टाकतात. हात टाकत नाहीत."

आप्पा म्हणजे माझे वडील, भालचंद्र गोपाळ नेरकर, सावळखेड्याचे पोस्टमास्तर. पुढे दोन खोल्यांत पोस्ट, मागे दोन खोल्यांत आम्ही. आई मी नऊ वर्षांची असताना गेली, तेव्हापासून आप्पांची थोरली बहीण गोदूआत्या आमच्याकडे असे. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. निकाल लागून दहा दिवस उलटले होते, आणि ज्याला शाळा नाही त्याला वार नसतो. माझा सगळा घोटाळा त्यातूनच झाला होता.

आप्पांनी आधी माझा हात सोडवला. झडप वर धरून, बांगड्या एकेक करून मागे सारून, अगदी फाटकं पार्सल सोडवावं तसा. मग विचारलं, "काय टाकलंस?"

"अर्ज."

"कसला?"

"नाशिकच्या अध्यापिका विद्यालयाचा. दोन वर्षांचा कोर्स आहे. राहायची सोय आहे."

हे मी दहा दिवस पोटात ठेवलं होतं. आप्पांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, अशी माझी खात्री होती. नाही म्हणण्याचा त्यांचा स्वभाव होता म्हणून नव्हे. संध्याकाळची थैली रवाना झाली की ते ओट्यावर येऊन बसत आणि मी समोर बसून त्यांना दिवसभरातली गंमत सांगत असे, त्यात एका दिवसाचाही खंड पडलेला नव्हता. तो खंड पाडायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून अर्ज लिहून झाला तरी मी तो आठवडाभर गादीखाली ठेवला. शेवटी शनिवारी संध्याकाळी, आप्पा थैलीला लाख लावत असताना, डोळे मिटून पेटीत टाकला.

"मुदत कधीची?" आप्पांनी विचारलं.

"सोळा तारखेपर्यंतचा टपालाचा शिक्का हवा."

"आज किती?"

"सोळा."

"आणि वार?"

मी मान खाली घातली. पोस्टमास्तराची मुलगी मी. पेटीवरच्या पत्र्याच्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं की रविवारी टपाल निघणार नाही, आणि ती पाटी दर दिवाळीला ओल्या फडक्यानं मीच पुसत असे. आता पेटी उघडणार सोमवारी सकाळी, अर्जावर शिक्का पडणार सतराचा आणि नाशिकवाले तो न फोडताच बाजूला ठेवणार.

मी म्हटलं, किल्ली तर तुमच्या कमरेला आहे. उघडा, माझं पत्र मला द्या आणि पुन्हा लावा. कोण बघतंय.

आप्पा शांतपणे म्हणाले, "झडपेतून आत पडेपर्यंत पत्र तुझं. पडलं की ते टपालाचं, आणि टपालाकडून ज्याचं नाव वर आहे त्याचं. मी मधला हमाल. हमालानं गाठोडं सोडायचं नसतं."

परत मागायचं असेल तर त्याचा एक अर्ज असतो, हेही त्यांनी सांगितलं. तो कचेरीत मिळतो. सोमवारी, दहा वाजता.

एवढं बोलून ते आंघोळीला गेले. रविवारी आप्पांची आंघोळ लांबे. आठवड्याची सगळी शाई त्या दिवशी निघायची. दगडानं घासून, वर लिंबाची फोड, असा तो सोहळा असे.

मी क्षणभर पेटीकडे पाहिलं. माझं पुढचं आयुष्य चुलीपासून आठ हातांवर भिंतीत पडलेलं होतं आणि मला ते घेता येत नव्हतं. नाशिक हुकलं तर पुढचं सगळं गोदूआत्यानं ठरवलेलंच होतं. धरणगावच्या दाळ-मिलवाल्यांचा मुलगा. त्याच्याबद्दल मला एवढंच कळलं होतं की तो जेवताना बोलत नाही आणि आत्याच्या मते हा फार मोठा गुण होता.

आता आप्पांच्या घरातली एक शिस्त माझ्या कामी आली. आमच्याकडे प्रत्येक कागदाच्या दोन प्रती असत. धोब्याच्या यादीच्याही. त्यामुळे दाखल्यांच्या दुसऱ्या नकला माझ्याकडे होत्या आणि अर्जाचा कोरा नमुनाही. मी घाईघाईनं दुसरा अर्ज भरला, पाकिटात घातला, पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं. डिंक पाकिटाला अजून लावला नव्हता, कारण अर्जात खाली पालकांची सही राहिली होती. तिचं मग बघू, आधी शिक्का, असं मी मनाशी म्हटलं आणि मधलं दार ढकलून कचेरीत शिरले.

इथे मला शिक्क्याबद्दल थोडं सांगायला हवं. लोकांच्या घरी मुलांना पाढे शिकवतात. मला आप्पांनी शिक्के शिकवले. मी चार वर्षांची असल्यापासून ते पाकीट उलटंसुलटं करून विचारायचे, हा कुठला, कसला, कधीचा. ते म्हणत, शिक्का म्हणजे माणसाचं तोंड. बाहेरची गोल रेघ हा चेहरा. कपाळावर गावाचं नाव, हनुवटीवर जिल्ह्याचं. डोळ्यांच्या जागी वेळ, नाकाच्या जागी तारीख, ओठांच्या जागी साल. यातलं एक जरी नसेल तर तोंड ओळखू येत नाही. आणि तारीख, महिना, साल यांचे छापखान्यात असतात तसे छोटे खिळे असत. आप्पा रोज सकाळी चिमट्यानं आदल्या दिवसाचा खिळा काढून नवा बसवत. मग पहिला ठसा एका जाड वहीत. ती शिक्क्यांची वही. ठशाखाली आद्याक्षरं, 'भा. गो. ने.', आणि पानाच्या शेवटी पूर्ण सही. ठसा नीट दिसला तरच त्या दिवसाचं टपाल सुरू. "आधी वहीत, मग टपालावर," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणू शकले असते.

शिक्का टेबलावर फडक्याखाली होता. शनिवारचा, म्हणजे पंधराचाच खिळा त्यात असणार. एक ठसा मारला की काम झालं. वहीत आधी मारून बघण्याचा प्रश्नच नव्हता. चोरी करणारा आधी वहीत सही करतो होय? मी शिक्का शाईच्या गादीवर टेकवला, पाकीट सरळ ठेवलं आणि आप्पा मारत तसाच, मनगट न वळवता, सरळ खाली आणला.

ठसा सुंदर उमटला. गोल पूर्ण, 'सावळखेडे' टाचणीनं कोरल्यासारखं, जून स्पष्ट, त्रेसष्ट स्पष्ट. फक्त मध्ये, नाकाच्या जागी, पांढरं भोक.

मी दोनदा पाहिलं. मग शिक्का उलटा करून पाहिला. तारखेचा खिळाच नव्हता.

"शनिवारी थैली गेली की मी तो काढून तिजोरीत ठेवतो," आप्पा दारातून म्हणाले. ओल्या पंच्यावर, हातात लिंबाची साल. "पंधरा वर्षं ठेवतोय. त्यालाही रविवार असतो."

मला हे माहीत नव्हतं, कारण शनिवारी त्या वेळी मी आत्याबरोबर भाकऱ्या थापत असे. शिक्क्याचं तोंड मला पाठ होतं, पण तो झोपताना दात काढून ठेवतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आप्पांनी पाकीट उचललं, खिडकीशी नेलं. ते रागावले तर कसे दिसतात हे मी तोवर पाहिलेलं नव्हतं आणि आज पाहायला मिळणार असं मला वाटलं. पण ते बराच वेळ नुसता ठसा बघत राहिले.

"हात चांगला आहे तुझा," शेवटी ते म्हणाले. "पण वहीत आधी मारला असतास तर पाकीट वाया गेलं नसतं."

"वहीत मारला असता तर तुम्हाला कळलं असतं."

"ते आताही कळलं."

त्यांनी आतला अर्ज काढून माझ्या हातात दिला आणि पाकिटाचे चार तुकडे करून टोपलीत टाकले. मग खुर्चीवर बसले आणि एकदम, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, आमचा जुना खेळ सुरू केला.

"गोल, वर गाव, खाली जिल्हा?"

मला रडू येत होतं. मी म्हटलं, आप्पा, आता नको.

"गोल, वर गाव, खाली जिल्हा?"

"साधा. आपल्यासारख्या कचेरीचा."

"गोलाशेजारी लाटा?"

"मोठ्या शहराचा. यंत्रानं मारलेला."

"लाटांच्या जागी उपदेश?"

"तोही यंत्राचाच. बचत करा, वगैरे."

"पाकिटाच्या पाठीवर?"

"पोचल्याचा."

"आणि ज्याच्यावर गावाचं नावच नाही? नुसतं एक अक्षर, एक आकडा, आणि 'सेट'?"

"गाडीतला. टपालाच्या डब्यात बसून पत्रं लावतात त्यांचा. आरएमएसचा."

"त्यावर गाव का नसतं?"

"कारण तो एका गावात थांबत नाही."

"बरं," आप्पा म्हणाले. "मग त्याला रविवार कुठल्या गावात पाळायचा?"

गाड्या रविवारी धावतात. टपालाचा डबा रविवारी धावतो. डब्याच्या खिडकीत उशिराचं जादा तिकीट लावलेलं पत्र हातोहात घेतात आणि तिथल्या तिथे, त्याच तारखेचा शिक्का मारतात. हे सगळं मला सहाव्या वर्षापासून माहीत होतं. सव्वाबाराची भुसावळ पॅसेंजर. स्टेशन दोन मैल.

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. "मी काही सुचवलेलं नाही," ते म्हणाले. "रविवारी मी कामाचं बोलत नाही."

त्यानंतर घरात जी धावपळ झाली ती गोदूआत्या मरेपर्यंत नक्कल करून दाखवत असे. माझ्याकडे पाकीट उरलं नव्हतं, तिकीट उरलं नव्हतं आणि कचेरी बंद असल्यामुळे आप्पा विकणार नव्हते. आत्याच्या पत्र्याच्या डब्यात मात्र सगळं असे. दिराला शिव्या देणारी पत्रं ती नियमानं लिहायची. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी तुला धरणगावला पाठवायला निघालेली बाई आणि तू माझ्याच तिकिटावर नाशिकला निघालीस. मग डबा उघडून तिनं तीन तिकिटं मोजून दिली आणि वर बजावलं की दाळ-मिल काही कुठे जात नाही, दोन वर्षांनीही तिथेच असेल.

मी पाकीट शोधत असताना आप्पांनी अर्ज मागून घेतला. चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून वाचत होते, मनिऑर्डरचा फॉर्म तपासावा तसा. मध्येच त्यांनी हाक मारली.

"इथे पालकांची सही राहिलीय."

"हो."

"पेटीतल्या अर्जात इथे काय आहे?"

मी डब्यात डोकं घालून म्हटलं, "सही आहे."

"कुणाची?"

"तुमची."

आत्याच्या हातातलं लाटणं थांबलं.

"कशावरून शिकलीस?" आप्पांनी विचारलं.

"वहीवरून."

"'ने'ची मात्रा मी कशी देतो?"

"वरून खाली, न उचलता. आणि खालची रेघ एका दमात."

"हं," आप्पा म्हणाले. "मग ठीक आहे."

मला पाकीट सापडलं तेव्हा अर्ज घडी घालून टेबलावर ठेवलेला होता आणि आप्पा पाठमोरे उभे राहून दौतीचं झाकण लावत होते. मी अर्ज पाकिटात सारला, डिंक लावला, आणि पळाले.

उखर्डू पोस्टमन, आमचे उखाभाऊ, मागच्या गल्लीत राहायचे. पन्नाशीचे, सायकलवर जन्म गेलेला. रविवारी ते फक्त झोपत. त्यांना उठवून मी मागे बसले आणि आम्ही निघालो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पोस्टमनला गावातून सरळ जाता येत नाही. अंगात खाकी नव्हती, बनियन होतं, खांद्यावर थैली नव्हती, मागे मी होते, तरी पहिल्याच वळणावर एका म्हातारीनं सायकलचं हँडल धरलं आणि सुरतेहून काही आलं का, विचारलं. पुढे कापसाच्या जिनिंगच्या फाटकात मुकादम आडवा आला. त्याच्या जावयाची मनिऑर्डर चार दिवसांपासून यायची होती. मारुतीच्या पारावर तर सहा जण उठून उभे राहिले. उखाभाऊ सगळ्यांना एकच उत्तर देत होते, आज रविवार आहे. आणि सगळे त्यांना एकच उत्तर देत होते, मग सायकलवर का?

शेवटी उखाभाऊंनी युक्ती काढली. समोरून कुणी येताना दिसलं की तेच लांबून ओरडायचे, "तार आहे, तार." तारेला कुणी अडवत नाही. उलट वाट सोडून लोक बाजूला झाले, एकानं हातही जोडले. आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा सिग्नल पडलेला होता.

टपालाचा लाल डबा इंजिनापासून तिसरा. खिडकीला जाळी, खाली पत्र टाकायची फट. पण मला फटीत टाकायचं नव्हतं. आजच्यापुरते मला फटींचे अनुभव पुरेसे झाले होते. मी खिडकीवर टकटक केलं. आतून एक जाडसर, घामाघूम गृहस्थ डोकावले. कानावर पेन्सिल, गळ्यात ओला रुमाल. मी पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, उशिराचं तिकीट लावलंय, शिक्का आत्ताच मारा, आजचा.

त्यांनी पाकीट घेतलं आणि सवयीनं पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"नेरकर. सावळखेडे. मास्तरांची कोण तू?"

"मुलगी."

"मी बाविस्कर," ते म्हणाले, आणि हे नाव मला माहीत असणार अशा बेतानं थांबले.

मला माहीत होतं. गाडीतले शिक्के नेहमीच फिसकटलेले येत. कधी अर्धा गोल, कधी नुसता काळा गोळा. आप्पा त्याला 'डांबराचा थेंब' म्हणत. त्यांना हे सहन होत नसे. त्यांनी वरिष्ठांकडे तक्रारी केल्या होत्या, नमुने जोडून, एका पाठोपाठ तीन. तक्रारीत सेटचा, म्हणजे डब्यातल्या तुकडीचा, क्रमांक होता, आणि त्या सेटचे बाविस्कर.

"तीन तक्रारी," बाविस्कर म्हणाले. "दोन वेळा मला भुसावळला उभं केलं. का, तर सावळखेड्याच्या मास्तरांना तारीख वाचता येत नाही. मी सांगितलं साहेबांना, मास्तर टेबलावर बसून शिक्का मारतात, मी पाळण्यात बसून."

गार्ड शिट्टी तोंडात धरून उभा होता. माझ्या अर्जाला सोळा तारखेचा शिक्का तर मिळणार होता, पण तो वाचता येईल की डांबराचा थेंब होईल, हे या माणसाच्या मनावर होतं. आणि थेंब झाला असता तर त्यांना कुणी दोषही दिला नसता. त्यांचे सगळेच शिक्के तसे.

"काय आहे यात?" त्यांनी विचारलं.

"नाशिकला शिकायला जायचंय. आजची शेवटची तारीख आहे. तारीख वाचता आली नाही तर घेणार नाहीत."

"आणि मास्तरांनी स्वतःच्या शिक्क्याची तारीख एक दिवस मागे नाही सरकवली?"

"नाही."

"मुलीसाठीही नाही?"

"नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले."

बाविस्करांनी माझ्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं. मग आत वळून कुणाला तरी म्हणाले, जरा गादी दे, ती नवी. गार्डनं शिट्टी वाजवली. खिडकीच्या आतलं मला काही दिसत नव्हतं. मी फक्त ऐकलं. 'ठक्'. एकच, आणि त्यानंतर लगेच डब्यांच्या साखळ्या ताणल्याचा आवाज. गाडी हलली. बाविस्कर खिडकीत आले नाहीत.

घरी पोचले तर आप्पा ओट्यावर बसलेले. जेवायचे थांबले होते.

"दिसला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"गाडी थांबलेली असताना मारला की चालल्यावर?"

"थांबलेली असताना. आवाज ऐकला."

"आवाज कसा आला? फटकन की ठक्?"

"ठक्."

"मग उमटला असेल," आप्पा म्हणाले आणि पानावर बसले. पण त्या दिवशी ते दुसरी भाकरी घ्यायला विसरले.

सोमवारी सकाळी आप्पांनी तिजोरीतून सतराचा खिळा काढला, बसवला, वहीत ठसा घेतला, आद्याक्षरं केली. मग पेटी उघडली. माझा पहिला अर्ज सगळ्यांत वर होता. मी दारात उभी होते. म्हटलं, हा आता राहू दे ना, आप्पा. दुसरा गेलाय. दोन पोचले तर गोंधळ होईल. माझा जीव गोंधळासाठी नव्हे, आतल्या सहीसाठी खाली-वर होत होता, आणि हे त्यांनाही कळत होतं.

"कालचंच सांगतो," ते म्हणाले, "हमालानं निवड करायची नसते." आणि त्यांनी त्या पाकिटावर शिक्का मारला. असा सुरेख ठसा त्यांनी वर्षभरात मारला नसेल.

बुधवारी आप्पांच्या नावानं एक कार्ड आलं. त्यावर आरएमएसचा गोल, चांदीच्या रुपयासारखा स्वच्छ. अक्षर, आकडा, सेट, तारीख, सगळं जागच्या जागी. मागे दोनच ओळी होत्या. रविवारी दुपारी याच हातानं, याच गादीवर एक मारला आहे. चौथी तक्रार करायची असल्यास हा नमुना सोबत जोडावा. बाविस्कर.

आप्पांनी ते कार्ड शिक्क्यांच्या वहीत चिकटवलं. नियमात बसत नव्हतं. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, सुट्टीचा ठसा आहे, सुट्टीच्या जागेवर चिकटवलाय. पंधरा आणि सतराच्या मध्ये खरंच कोरी जागा होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला मुलाखतीला बोलावलं. गोदूआत्या सोबत आली आणि बाहेर बाकावर बसली. प्राचार्या मेहेंदळेबाई बारीक अंगाच्या, पांढऱ्या पातळातल्या. त्यांच्यासमोर दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवलेली होती. एकावर गाडीचा सोळा, दुसऱ्यावर सावळखेड्याचा सतरा.

"तुमचे दोन अर्ज आलेत," त्या म्हणाल्या. "एक वेळेत, एक उशिरा. ते असू दे. पण पालकांची सही दोन्हींवर आहे आणि या दोन सह्या एका माणसाच्या नाहीत. यातली खरी कुठली?"

त्यांनी दोन्ही अर्ज माझ्याकडे फिरवले. उशिरा आलेल्या अर्जावरची सही वहीच्या प्रत्येक पानाखाली होती तशीच होती. गोल, ठसठशीत, 'ने'ची मात्रा न उचलता दिलेली, खालची रेघ एका दमात. वेळेत आलेल्या अर्जावरची मी तेव्हा प्रथमच पाहिली. त्या दिवशी मी पाकीट शोधत होते. 'भालचंद्र'मधला 'च' पुसट, 'ने'ची मात्रा सुटून बाजूला पडलेली, शेवटचा 'र' उतारावर घसरल्यासारखा. खालची रेघ तीन ठिकाणी तुटलेली होती. एका ठिकाणी टाक कागदावर थांबून शाईचा टिपका साठला होता.

"ही," मी त्या तुटक सहीवर बोट ठेवलं.

"नक्की? ही तर कुणीतरी भीत भीत केल्यासारखी दिसते. ही दुसरी किती सराईत आहे बघा."

"होय. दुसरी माझी आहे."

बाईंनी चष्मा काढला. मी त्यांना सगळं सांगितलं, पेटीपासून बाविस्करांपर्यंत. सांगून झाल्यावर त्यांनी ते दोन्ही कागद पुन्हा एकदा जवळ घेऊन पाहिले, आणि या वेळी त्या तुटक सहीकडेच जास्त वेळ.

"शाळेत प्रगतिपुस्तकावर पोरं बापाच्या सह्या ठोकून आणतात," त्या म्हणाल्या. "त्या ओळखणारी एखादी मास्तरीण हवीच होती. एक तारखेला सामान घेऊन या." मग उशिरा आलेला अर्ज त्याच्या पाकिटात घालून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "हा घेऊन जा. मुदतीनंतरचे आम्ही ठेवत नाही."

घरी आले तेव्हा आप्पा थैलीला लाख लावून ओट्यावर येऊन बसले होते. मी निवड झाल्याचं सांगितलं आणि ते पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. उजेडाकडे धरून फक्त ठसा पाहिला.

"मधोमध बसलाय," ते म्हणाले. "शिक्क्याला हात स्थिर लागतो."

मी हो म्हटलं, आणि त्यांच्यासमोर बसून नाशिकची गंमत सांगायला लागले. त्यांच्या सहीचा विषय मी काढला नाही, आणि माझ्या सहीचा त्यांनी.